अक्षय ऊर्जा शिकवायची तर मुलांच्या हातात मल्टिमीटर द्या

सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांचा प्रश्न आहे: "अपारंपरिक ऊर्जास्रोतांची नावे मुले घडाघडा म्हणतात. प्रदर्शनासाठी आम्ही दरवर्षी पवनचक्की नाहीतर सौरघराची प्रतिकृती करतो. पण त्यातून मुलांना काही उमगले असे वाटत नाही. हवामानबदल तर निबंधापुरताच उरतो. वेगळी प्रयोगशाळा नाही, वर्गात चाळीस मुले आहेत आणि वर्षाला दोन-अडीच हजार रुपये खर्च करता येतील. हा विषय प्रत्यक्ष कृतीतून कसा शिकवावा?"

सर, प्रतिकृती करताना मुलांचे हात चालतात, पण मोजमाप नसेल तर तो कार्यानुभवाचा तास होतो, विज्ञानाचा नाही. प्रदर्शनातली पवनचक्कीच घ्या. टेबल फॅनसमोर ठेवली की पाती फिरतात, एलईडी लागतो, पाहुणे कौतुक करून पुढे जातात. आता मुलांना विचारा, हा फॅन किती वॅटचा आहे? साधारण पन्नास-साठ. आणि एलईडीला किती मिळाले? मल्टिमीटरने व्होल्ट आणि मिलिअँपिअर मोजा, गुणाकार करा. दोन व्होल्ट आणि दहा मिलिअँपिअर आले तर ०.०२ वॅट होतात. पन्नास वॅट घातले आणि वॅटचा पन्नासावा भाग हाती आला. मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? माझ्या अनुभवात या प्रश्नावर मागच्या बाकावरची मुलेही बोलू लागतात. हवा बाजूने निघून गेली, पाती जड आहेत, मोटार घासते, पंख्याचा वारा सगळीकडे पसरतो. तुमचा धडा तिथे सुरू होतो.

म्हणून प्रत्येक कृतीला मी एकच रीत लावते. मुलांनी आधी अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनाने. मग मोजायचे. मग अंदाज आणि मोजमाप यांत फरक का पडला त्यावर बोलायचे. यातला शेवटचा भाग घाईत उरकू नका, तास त्याच्यासाठीच असतो.

सुरुवात सूर्यापासून करू नका, मुलांच्या पायांपासून करा. शाळेला जिना असेल तर उत्तम, नसेल तर गावातल्या पाण्याच्या टाकीच्या किंवा देवळाच्या पायऱ्या चालतील. चाळीस किलो वजनाचे मूल तीन मीटर उंच चढले की त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ४० × ९.८ × ३, म्हणजे ११७६ ज्यूल काम केले. कार्य आणि ऊर्जेची सूत्रे पुढच्या इयत्तेत येतात, पण वजन गुणिले ९.८ गुणिले उंची एवढा गुणाकार सातवीच्या मुलांना जमतो, तो निःसंकोच द्या. आता एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार मुलांनाच करू द्या. एका युनिटसाठी तो जिना तीन हजारांहून जास्त वेळा चढावा लागतो. जे युनिट आपण काही रुपयांत घेतो, त्याचे वजन मुलांना पहिल्यांदा कळते. ज्या मुली घरी सरपण आणतात आणि पाणी भरतात, त्यांना हे सगळ्यांत आधी कळते. त्यांना बोलू द्या.

त्याच तासाला जोडून शाळेच्या वीज मीटरपाशी जा. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते लिहिलेले असते. पुष्कळ मीटरवर ३२०० हा आकडा असतो. तुमच्या मीटरवरचा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या. ३२०० असेल तर एका लुकलुकण्याला ११२५ ज्यूल. म्हणजे तो दिवा एकदा लुकलुकला की चाळीस किलोचे मूल जवळजवळ एक जिना चढल्याएवढी ऊर्जा खर्च झाली. मोबाइलच्या घड्याळावर दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजायला सांगा. आधी सगळे बंद, मग एक पंखा, मग सगळे पंखे, मग मुख्याध्यापकांचा संगणक. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, त्या एकट्यावर दर पंधरा सेकंदांनी दिवा लुकलुकेल. नवीन, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटचा असतो. गावात कुणाकडे असेल तर त्या घरचा आकडा आणायला सांगा, फरक शंभर घोषवाक्यांपेक्षा बोलका असतो. या कृतीला एक पैसा लागत नाही आणि मीटरला हातही लावावा लागत नाही. फक्त बघायचे.

तुमच्या जिल्ह्यात कोयना आहे, तेव्हा जलविद्युत पुस्तकातल्या चित्रावरून शिकवू नका. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून पोफळीच्या वीजगृहाकडे पडणाऱ्या पाण्याला पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंची मिळते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी तेवढे खाली आले की साडेसेहेचाळीस लाख ज्यूल होतात. वाटेतली गळती धरूनही युनिटभर वीज हाती येते. आता शाळेच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. चार मीटर उंचीवरून ती पूर्ण रिकामी केली तर ३९,२०० ज्यूल, म्हणजे नऊ वॅटचा एलईडी बल्ब सव्वा तासाच्या आतच विझेल. पाणी तेवढेच, फरक फक्त उंचीचा. सह्याद्रीचा कडा ही काय संपत्ती आहे, हे मुलांना या दोन ओळींच्या हिशेबातून समजते. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. त्याच्याच बरोबर हेही सांगा की वीजनिर्मितीसाठी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवण्याची कृष्णा पाणीवाटप लवादाने मुभा दिलेली आहे, ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यात परत येत नाही, आणि धरणासाठी उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही निघतात. अक्षय ऊर्जेचीही कुणीतरी किंमत मोजलेली असते. धरणग्रस्तांची मुले तुमच्याच जिल्ह्यातल्या वर्गांत बसतात.

सूर्याकडे वळताना आधी उष्णता घ्या, वीज नंतर. पॅनेलमध्ये आत काय चालते ते दिसत नाही, पाणी तापलेले मात्र बोटाला कळते. पंचवीस सेंटिमीटर व्यासाची एक पसरट थाळी आतून फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवा, अर्धा लिटर पाणी घाला, दुपारी साडेबाराच्या सुमारास उन्हात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तापमान घ्या. स्वच्छ आकाशात भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडते. थाळीचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटरला किंचित कमी, म्हणजे तिच्यावर जवळजवळ ५० वॅट. दहा मिनिटांत पाणी हिशेबाने १४ अंशांनी तापायला हवे. तेवढे तापणार नाही, बरेच कमी तापेल, आणि हेच हवे आहे. का कमी तापले? वाफ गेली, वाऱ्याने गार झाले, थाळीचा तळ जमिनीला टेकला होता. मग मुले स्वतःच सुचवतात: वर काच ठेवू, खाली पोते घालू, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू. प्रत्येक सुधारणेनंतर पुन्हा मोजायचे. असे करत करत चार-पाच दिवसांत मुलांनी स्वतःच सौरचूल शोधून काढलेली असते, आणि तिच्यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे ते त्यांना ठाऊक असते. बाजारातून आणलेल्या चुलीत भात शिजवून दाखवला तर भात मिळतो, एवढी समज मिळत नाही.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८७८च्या सुमारास मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचे उच्च न्यायालयातले एक अधिकारी सपाट आरशांचे तुकडे जोडून उन्हावर स्वयंपाक करत होते आणि उन्हाच्या वाफेवर इंजिन चालवून दाखवत होते. लाकूड आणि कोळसा महाग पडतो, ऊन मात्र भरपूर आहे, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते. शिर्डीला गेलेल्या मुलांना प्रसादालयाच्या छतावरच्या मोठाल्या तबकड्या आठवतील, तिथे उन्हावरच वाफ तयार करतात.

आता पॅनेल. दहा वॅटचे एक पॅनेल आणि दोन साधे मल्टिमीटर ही तुमची यंदाची मोठी खरेदी. पॅनेलवर काय चालवायचे याचा विचार सुरुवातीला करू नका, फक्त व्होल्ट आणि अँपिअर वाचा. सकाळी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दर तासाला एका गटाने बाहेर जाऊन नोंद करायची आणि आलेखावर बिंदू मांडायचा. संध्याकाळपर्यंत डोंगरासारखा आलेख तयार होतो. मग विचारा, शिखर कितीला आले? मुलांचा अंदाज दोन-अडीचचा असतो, कारण तेव्हा सगळ्यांत जास्त उकडते. आलेख साडेबारा दाखवतो. याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. एक, आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि सातारा ७४ अंशांवर, म्हणून सूर्य डोक्यावर यायला बारानंतर अर्धा तास जावा लागतो. दोन, ऊन कमी होऊ लागले तरी जमीन आणि हवा काही वेळ तापतच राहतात. हवामानबदल शिकवताना हा दुसरा मुद्दा तुम्हाला पुन्हा लागणार आहे: कारण आणि परिणाम यांत वेळ जातो.

पॅनेलचे आणखी दोन प्रयोग चुकवू नका. असे पॅनेल बहुधा छत्तीस छोट्या सेलचे असते. एका कोपऱ्यातल्या एकाच सेलवर वही धरा. झाकला गेला छत्तिसावा भाग, मग वीज तेवढीच कमी होईल असे सगळे लिहितात. प्रत्यक्षात विद्युतधारा धाडकन कोसळते, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि एकाने वाट अडवली की सगळ्यांची अडते. ज्याच्या घरावर पॅनेल आहे ते मूल त्या दिवशी घरी जाऊन नारळाची झावळी छाटायला लावते. दुसरा प्रयोग तापमानाचा. तासभर उन्हात तापलेल्या पॅनेलचे व्होल्ट वाचा, मग मागून ओले फडके लावून पुन्हा वाचा. ऊन तेच असूनही व्होल्ट वाढतात. ऊन आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत, पॅनेलला पहिली हवी आणि दुसरी नको, हे मोठ्यांनाही माहीत नसते.

वाऱ्याची चक्की करायचीच असेल तर मोटारीकडे लक्ष द्या. खेळण्यातल्या गाडीची मोटार घेऊ नका. तिला एलईडी लावण्याएवढे व्होल्ट द्यायला फार वेगाने फिरावे लागते, चक्की तेवढी फिरत नाही, आणि मुले हिरमुसतात. भंगारातल्या प्रिंटरची मोटार आणा, ती सावकाश फिरली तरी दोन-तीन व्होल्ट देते. एलईडी लागला नाही तर त्याचे पाय उलटे जोडून बघा. पाती पुठ्ठ्याची चालतात, पण प्रत्येक गटाची वेगळी असू द्या: दोन, तीन, सहा, सपाट, तिरकी, जास्त तिरकी. कोण जिंकले ते मल्टिमीटर सांगेल. इथे एक नियम मात्र सांगूनच टाका, कारण वर्गातल्या चक्कीवर तो नीट सिद्ध होत नाही: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. आणि वाऱ्यातली सगळी शक्ती काढता येत नाही, काढली तर हवा तिथेच थांबेल. फार तर ५९.३ टक्के निघते. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर चक्क्या का आहेत आणि तुमच्या गावच्या ओढ्यात का नाहीत, याचे उत्तर त्या आठपटीत आहे. तिथे सहल नेलीत तर फोटोंपेक्षा एक काम द्या: कोणत्या चक्क्या फिरत आहेत आणि कोणत्या थांबल्या आहेत ते मोजा, आणि का ते तिथल्या माणसांना विचारा.

पठारावर सगळ्यांत जास्त वारा पावसाळ्यात असतो, आणि पॅनेलचा आलेख नेमका पावसाळ्यात झोपतो. जुलैतल्या एका ढगाळ दिवशीही पॅनेलच्या अशाच नोंदी घ्या आणि दिवाळीनंतरच्या आलेखाशी ताडून बघा. एका स्रोतावर भागत नाही, साठवण लागते, हे मग सांगावे लागत नाही. साठवणीसाठी अकोले तालुक्याच्या सीमेवरच्या घाटघरचे उदाहरण द्या. तिथे विजेची मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवतात आणि मागणी वाढली की सोडतात, क्षमता २५० मेगावॅट. गच्चीवरच्या टाकीचा हिशेब केलेल्या मुलांना हे लगेच कळते. तुमच्याच पाटण तालुक्यात मान्याचीवाडी आहे, २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून तिची घोषणा झाली. तिथे जायला मिळाले तर मुलांनी प्रश्न आधी लिहून न्यावेत: रात्रीची वीज कुठून येते, पॅनेल कोण पुसते, बिल किती येते.

आता हवामानबदल. इथे मला एका लोकप्रिय प्रयोगाबद्दल सावध करायचे आहे. दोन बाटल्या, एकीत साधी हवा, दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून केलेला कार्बन डायऑक्साइड, दोन्ही दिव्याखाली. कार्बन डायऑक्साइडची बाटली थोडी जास्त तापते आणि हरितगृह परिणाम सिद्ध झाला असे सांगितले जाते. तापते हे खरे, पण मुख्य कारण दुसरे आहे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, बाटलीत बसून राहतो, त्यामुळे उष्णता वर निघून जाणे मंदावते. कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन भरला, जो जड आहे पण हरितगृह वायू नाही, तरी तसेच तापमान वाढलेले दिसते. खऱ्या वातावरणात जमिनीतून बाहेर पडणारी अवरक्त किरणे (डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे) कित्येक किलोमीटर हवेतून जाताना शोषली जातात. ते वीतभर बाटलीत दाखवता येत नाही. चुकीच्या कारणाने आलेले बरोबर उत्तर वर्गात स्वीकारू नये. हवामानबदलाबद्दल शंका घेणारा कुणी उद्या याच मुलाला हा दोष दाखवील, आणि मग त्याला सगळेच खोटे वाटेल.

त्याऐवजी आकाश मोजा. करोनाच्या काळात शाळांनी ताप बघायला थर्मल गन घेतल्या होत्या. त्यात वस्तूच्या पृष्ठभागाचे तापमान मोजायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर शून्याखाली मोजणारी गन एखाद्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. सूर्य मावळल्यावर निरभ्र आकाशाकडे रोखा. आकडा शून्याखाली, कधी बराच खाली जातो. ढगाकडे रोखा, आकडा पुष्कळ वर येतो. म्हणजे ढग खाली उष्णता पाठवतो आहे. त्याच आठवड्यात किमान तापमानाच्या नोंदी ठेवा: निरभ्र रात्री पहाट गार, ढगाळ रात्री उबदार. द्राक्षबाग असलेल्या घरातल्या मुलांना हे आधीच माहीत असते, फक्त त्यामागची अवरक्त किरणे माहीत नसतात. वातावरण जमिनीची उष्णता अडवते आणि काही परत पाठवते, एवढे या मोजमापातून प्रामाणिकपणे सांगता येते. गन ज्या किरणांवर चालते त्यात मुख्यतः ढग आणि बाष्प दिसतात, कार्बन डायऑक्साइडचा वाटा तिला फारसा दिसत नाही, हेही सांगा. गन कधीही सूर्याकडे रोखू देऊ नका.

कार्बन डायऑक्साइडचा भाग इतिहास आणि आकड्यांतून घ्या. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी वेगवेगळ्या वायूंनी भरलेल्या काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापते असे नोंदवले. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी कोणता वायू किती उष्णता शोषतो ते उपकरणाने मोजले. १८९६ मध्ये स्वीडनच्या अरेनियस यांनी हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित केले. मुलांना वाटते हे सगळे कालपरवा निघाले. मग फळ्यावर हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचे आकडे लिहा, हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड किती: १९६० मध्ये ३१७, १९७० मध्ये ३२६, १९८० मध्ये ३३९, १९९० मध्ये ३५४, २००० मध्ये ३७०, २०१० मध्ये ३९०, २०२० मध्ये ४१४. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० च्या आसपास होता. आलेख कागदावर काढायला लावा, पण त्याआधी प्रत्येक दशकातली वाढ काढून घ्या: ९, १३, १५, १६, २०, २४. वर्गात यावर शांतता पसरते. नुसते वाढत नाही, वाढण्याचा वेगही वाढतो आहे, हे आठवीतल्या मुलाला वजाबाकी करून कळते. २०४० चा अंदाज त्याला स्वतःला करू द्या.

बाकीच्या कृती पटकन होतात. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्कात सोडावॉटर घातले की रंग बदलतो, आणि समुद्रातही हा वायू विरघळून पाणी अधिक आम्ल होते आहे हे सांगता येते. दोन सारख्या बरण्या घ्या, एकीत बर्फ पाण्यावर तरंगणारा, दुसरीत पाण्यातून वर आलेल्या दगडावर ठेवलेला. बर्फ वितळल्यावर कोणत्या बरणीत पातळी वाढली ते बघा. आर्क्टिकवर तरंगणारा बर्फ आणि ग्रीनलँडच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक कायमचा लक्षात राहतो. रिफिलची रिकामी नळी बुचातून बाटलीत खोचून पाणी काठोकाठ भरा आणि बाटली उन्हात ठेवा, तापलेले पाणी प्रसरण पावते आणि नळीत चढते. समुद्राची पातळी वाढण्यामागे हेही एक मोठे कारण आहे आणि बर्फाच्या बोलण्यात ते विसरले जाते.

एका बाबतीत मला आग्रहाने सांगायचे आहे. दुष्काळी भागातल्या मुलांना हवामानबदल शिकवताना त्यांच्या डोक्यावर अपराधाचे ओझे ठेवू नका. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे, अमेरिकेची चौदा. भारतातली दोन टन ही सरासरीसुद्धा शहरातल्या एसी-गाडीवाल्या घरांमुळे वर गेलेली आहे. ज्या मुलाच्या घरी दोन बल्ब आणि एक पंखा आहे, त्याला "तुम्ही वीज वाचवा, पृथ्वी वाचवा" म्हणून फलक लिहायला लावणे अन्यायाचे आहे. घरोघरच्या बिलांचा तक्ता करताना नावे लिहू नका, आणि कमी बिल आले म्हणून कुणाला टाळ्याही नकोत, कारण कमी बिलामागे काटकसर असेल किंवा घरात काहीच नसेल. भीतीही घालू नका. भारतात एक युनिट वीज ग्रिडमधून घेतली की सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शाळेच्या छतावर पॅनेल बसले तर वर्षाला किती वाचेल हे मुलांना स्वतः काढता येते. असा कागद ग्रामसभेत मुलांनीच मांडला तर मोठ्यांना ऐकावे लागते.

आणि एकेक घटना उचलून "बघा, हवामानबदल" असे म्हणू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नाही. एका दिवसाच्या, एका ठिकाणच्या आकड्याला हवामान म्हणत नाहीत, त्यासाठी तीस वर्षांची सरासरी धरतात. तुमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आजी-आजोबांकडून जरूर लिहून आणायला सांगा, पण आठवण आणि नोंद यांच्या वह्या वेगळ्या ठेवा.

नोंदीची वही शाळेची असू द्या, वर्गाची नको. सरळ भिंतींच्या बरणीचा पर्जन्यमापक, एक कमाल-किमान थर्मामीटर सावलीत, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन मुले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी, त्यावरून शाळेच्या पत्र्यावर किती लिटर पडले ते काढता येते. ही वही मुले पुढच्या वर्गाला देत जातील. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ऊर्जा आणि पर्यावरण हा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथली मुले गावाची खरी कामे करत शिकतात. जमल्यास एकदा बघून या. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून केलेली पुष्कळ साधने बघायला मिळतात.

परीक्षेत "अपारंपरिक ऊर्जास्रोतांची चार नावे लिहा" हा प्रश्न राहणारच, त्याला इलाज नाही. त्याच्या जोडीला एक तुमचा घाला: पॅनेलवर सकाळी दहाला झाडाची सावली पडते आणि दुपारी तीनला घराची, तर ते कुठे हलवाल आणि का?

सुरक्षेच्या दोन-तीन गोष्टी. घरच्या २३० व्होल्टच्या कोणत्याही वस्तूचे झाकण मुलांनी उघडायचे नाही. जुन्या मोबाइलच्या आणि पॉवर बँकेच्या बॅटऱ्या प्रयोगाला घेऊ नका, त्या पेट घेतात. शेणाच्या बाटलीवर फुगा लावून बायोगॅस जरूर करा, पण वर्गात पेटवू नका. पहिल्या दिवसांतला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो आणि जळत नाही, नंतरचा मात्र जळतो. मल्टिमीटरने विद्युतधारा मोजताना तो फक्त पॅनेलला किंवा चक्कीला लावायचा, बॅटरीला थेट नाही, नाहीतर फ्यूज जातो. खरेदी करतानाच दोन फ्यूज जास्तीचे घ्या.

वर्षाची आखणी ऋतूप्रमाणे करा. जूनमध्ये पर्जन्यमापक, जुलैत ढगाळ दिवसाचे पॅनेल आणि चक्की, दिवाळीनंतर आकाश निवळले की थाळी, पॅनेलचा मोठा आलेख आणि रात्रीचे आकाश, जानेवारीत मौना लोआचे आकडे आणि बिलांचा तक्ता. सुट्टीत नोंदी तुटतात, आणि मे महिन्याचे तापमान तर सगळ्यांत मोलाचे. त्यासाठी शाळेशेजारी राहणाऱ्या दोन मुलांकडे थर्मामीटर आणि वही एप्रिलमध्येच सोपवा, आणि त्यांच्या घरच्यांना वाचन कसे घ्यायचे ते एकदा समोर दाखवा.